पंचाखालची लाल फुली

सन दोन हजार तेवीस. माझं वय तेव्हा शाळेच्या दाखल्यावर सहासष्ट आणि आईच्या सांगण्यावरून अडुसष्ट. मी आईचं धरतो. दाखला मास्तरांनी अंदाजाने भरलेला, आणि आई जन्माच्या वेळी तिथं हजर होती.

चौथीनंतर माझी शाळा सुटली. सायखेड्याजवळच्या आमच्या गावातून मी नाशकात आलो, सातपूरला पत्र्याच्या कारखान्यात लागलो आणि मग सिन्नरच्या एमआयडीसीत. शेड बदलल्या, शेठ बदलले, मशीन मात्र एकाच जातीचं राहिलं. पॉवर प्रेस. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. वर पंच असतो, खाली डाय, म्हणजे पंच आत बसेल अशा भोकाचा ठोकळा, आणि बाजूला माणसाच्या छातीला लागेल एवढं मोठं लोखंडी चाक. चाक सकाळी सुरू झालं की दिवसभर फिरतच असतं. आपण पत्रा आत सरकवायचा आणि पायाने पायडल दाबायचं. चाकाचा सगळा जोर पंचात उतरतो, पंच खाली येतो, पत्र्याला भोक पाडतो, वर जातो आणि थांबतो. थांबतो, असं आपण धरून चालायचं.

प्रेसवाल्याला किती वर्षं काम केलं ते विचारायचं नसतं. त्याचा हात बघायचा. कुणाचं एक बोट नसतं, कुणाची दोन. माझी दहाच्या दहा आहेत, आणि त्याचा मला गर्व आहे. लग्नाच्या पंगतीत मी आजही बुंदी वाढायला उभा राहतो ते गोडाच्या हौसेने नाही. लोकांनी हात बघावा म्हणून.

आमच्या शेडमध्ये विजेच्या पॅनेलचे डबे बनतात. दर ऑर्डरीचा पत्रा वेगळा, भोकं वेगळी. बटणाचं लहान, मीटरचं मोठं, एक इकडे तर एक पार कोपऱ्यात. प्रत्येक भोकासाठी मी मशीनवर लोखंडी अडसर बांधायचो, त्याला आम्ही स्टॉपर म्हणतो. पत्रा सरकवायचा, स्टॉपरला टेकला की जागा बरोबर. डोळ्यांचं काम नाही. शिवाय पंचाच्या पुढे तारेची जाळी. जाळीखालच्या फटीतून पत्रा जायचा, बोट जात नसे. हे सगळं बांधायला मला अर्धा दिवस लागायचा, आणि तो अर्धा दिवस शेठच्या डोळ्यात खुपायचा. शेठ म्हणजे सिन्नरच्याच शेतकऱ्याच्या घरातला माणूस, माझ्या मुलाच्या वयाचा. वाईट नाही. घाईतला आहे.

त्या वर्षी गणपती उठल्यावर नाशकाहून एक कारागीर आला आणि त्याने मशीनच्या मानेवर एक पातळ पट्टी बसवली. पट्टीवर अंगठ्याएवढे दोन दिवे. एक दिवा पत्र्यावर उभी लाल रेघ मारायचा, दुसरा आडवी. दोन रेघा जिथे एकमेकींना छेदायच्या तिथे फुली. पंच बरोबर त्या फुलीवर उतरायचा. पत्र्यावर खुणेचा ठिपका मारायचा, ठिपका फुलीखाली आणायचा, पायडल दाबायचं. झालं काम. स्टॉपर नको, बांधाबांध नको.

"बाबा, तुमची सवत आली," असं आमचा कटिंगवाला म्हणाला. तो शेजारच्या मशीनवर पत्रा कापायचा. डाव्या हाताची दोन बोटं त्याने तरुणपणीच दिलेली होती आणि जिभेला तेव्हापासून सुट्टी नव्हती.

"सवत नांदते का बघू," मी म्हणालो.

मी एक भंगार पत्रा घेतला, पार कोपऱ्यात बारीक ठिपका मारला आणि पत्रा वाकडा धरून ठिपका फुलीखाली नेला. पायडल दाबलं. भोकातून पडलेली चकती उचलून पाहिली. ठिपका चकतीच्या मधोमध होता, कपाळावर टिकली लावावी तसा. दुसरी पाडली. तीही तशीच. माझ्या स्टॉपरने इतकं नेमकं भोक कधी पडलं होतं का, हे मला ठाऊक आहे आणि मी ते लिहिणार नाही.

उजेड खोटा नव्हता. तरी मला ती फुली आवडली नाही. शेडमध्ये दिवे कमी, दुपारीही कोपऱ्यात अंधार, आणि त्या अंधारात पंचाखाली ती लाल फुली कुणाची तरी वाट बघत पडलेली. पत्रा नसला तरी ती असायचीच. का आवडली नाही हे मला सांगता येत नव्हतं. सांगता न येणारी गोष्ट बोलून दाखवली की लोक हसतात, म्हणून मी गप्प बसलो.

गप्प बसलो ते जाळीपर्यंत. उजेड जाळीवर पडला की तारांनी तुटायचा. पत्र्यावर फुलीचे तुकडे यायचे, सांडलेल्या कुंकवासारखे. नेमका मध्य दिसेना.

शेठ म्हणाला, "जाळी काढा."

मी म्हणालो, "जाळी काढायची नसते."

"बाबा, सावली पडती तिची."

"पडू द्या. सावली बोट तोडत नाय."

"चार दिवस काढू. पुढं काचेची करून आणतो, आरपार दिसंल अशी."

जाळी काढून भिंतीला टेकवली. चार दिवस गेले, आणखी गेले, जाळीवर कुणीतरी हातरुमाल वाळत घालायला लागलं.

आता मशीनवर कोण बसलं ते सांगतो. माझी सून. मुलगा सिन्नर ते नाशिक जीप चालवतो आणि ती आमच्याच शेडमध्ये डबे पॅक करायची. बारावी झालेली, नजर तेज, हात हलका. उजेड आल्यावर मशीनला जुन्या अनुभवाची गरज उरली नाही, तिने शेठला विचारलं आणि शेठने तिला बसवलं. मला कोपऱ्यातल्या टेबलावर कानस देऊन भोकांच्या कडा घासायला बसवलं. तिथून मला मशीन दिसत होतं. एका अर्थी बरं होतं, एका अर्थी फार वाईट.

ती काम चांगलं करायची. खोटं कशाला बोलू? पण स्टॉपर असताना माणूस पत्रा बाहेरच्या कडेने धरतो. उजेडाचं तसं नाही. ठिपका केसभर इकडे, केसभर तिकडे करायला बोटं पुढे जावी लागतात. डोळे फुलीवर आणि बोटं डोळ्यांच्या मागे मागे. पत्रा सरकवताना ती फुली तिच्या नखांवर चढायची, बोटांवरून जायची, अंगठीवर चमकायची आणि पुन्हा पत्र्यावर उतरायची. दर पत्र्याला. वर लटकलेला पंच आणि खाली तिच्या बोटावर लाल खूण. माझ्या हातातली कानस थांबायची.

आठवडाभराने मी पाठ करून कडा घासत होतो. मागे प्रेस चालू. एका पायडलला एक ठोका, धप. पुन्हा धप. कान त्या तालात झोपी गेलेले असतात. एकदम आवाज आला, धप-धप.

मी वळलो. तिच्या हातात पत्रा होता. एका भोकात दुसरं भोक अडकलेलं, इंग्रजी आठाच्या आकड्यासारखं.

"पाय दोनदा पडला?" मी विचारलं.

"नाय मामा. एकदाच. पण उचलायला उशीर झाला असंल."

मी पत्रा घेऊन शेठकडे गेलो. म्हणालो, मशीनचा क्लच, म्हणजे चाकाचा जोर पंचाला जोडणारा खटका, नीट सुटत नाही, पंच आपोआप दुसऱ्यांदा उतरला, मशीन बंद करून उघडा.

शेठने पत्रा उजेडात धरला. "पाय वेळेवर उचलला नाही तर दुसरा ठोका पडतो. हे तुम्हीच शिकवलंय मला."

ते खरं होतं. शिकवलं होतं.

"हा पायाचा ठोका नाय. आवाज वेगळा होता."

"आवाज," शेठ म्हणाला आणि मोबाइलकडे बघायला लागला.

कटिंगवाला लांबून ओरडला, "शेठ, बाबांचं मशीन गेलं ना, ते कानात वाजतंय!"

सगळे हसले. सूनही हसली, पण मान खाली घालून. मला मशीन गेल्याचं दुखत होतं, ही गोष्ट खोटी नव्हती. पण माणूस दुखावला म्हणून त्याचे कान फुटत नाहीत.

त्या दिवशी घरी जेवताना ती म्हणाली, "मामा, तुम्ही शेठला सांगून माझं मशीन काढून घेणार का?"

"मशीन माझं नाय, मी कोण काढणारा?"

"तुम्ही पत्रा घेऊन गेलातच ना. पॅकिंगला होते तर 'ए मावशी' म्हणून हाका मारायचे. मशीनवर बसल्यापासून 'ताई' म्हणतात. मी तिशीची पण नाय मामा, मावशी म्हणायचे."

"आणि बोट गेल्यावर काय म्हणतील?"

"तुमची दहा तुम्ही राखली. माझी मी राखीन." पाण्याचा तांब्या तिने माझ्यापुढे ठेवला, जरा जोरात.

मग दसरा आला. आदल्या दिवशी आम्ही सगळी मशीनं रॉकेलने पुसली. दसऱ्याला यंत्र चालवायचं नसतं, त्याला हळद-कुंकू वाहायचं, झेंडूचा हार घालायचा, नारळ फोडायचा. दरवर्षी शेठची आई येते आणि पहिली पूजा तिच्या हातची. म्हातारी माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. तिने प्रेसवरचे ते लाल दिवे पाहिले आणि हात जोडले.

"यंत्राला डोळा आला म्हणायचं! मग हार डोळ्याला."

हार लांबलचक होता. झेंडू, आंब्याची पानं, मधे मधे भाताच्या लोंब्या, आणि ताजा राहावा म्हणून पाणी शिंपडून जड केलेला. तिने तो दिव्यांच्या पट्टीला पक्की गाठ मारून बांधला. दसऱ्याचा हार आमच्याकडे कुणी तोडत नाही. सुकून पडेपर्यंत राहू द्यायचा. काढायचाच झाला तर गाठ सोडून काढायचा आणि नदीत सोडायचा. हार तोडला तर यंत्र रागावतं, असं म्हणतात. मी म्हणत नाही. पण मीही कधी तोडलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी हारांसकट मशीनं सुरू झाली. मालाची गाडी त्याच्या पुढच्या दिवशी दुपारी जायची होती, त्यामुळे सगळे घाईत. थोड्या वेळाने पत्रे माझ्या टेबलावर यायला लागले आणि मी पाहिलं की भोकं सरकलीत. फार नाही, अर्ध्या सुताने. पण सगळी एकाच बाजूला. मनात म्हटलं, आला का उजेड वळणावर? खरं सांगतो, मला आनंद झाला. थोडाच वेळ टिकला तो.

कारण मी वर पाहिलं तर सून मोजपट्टीने भोकं मोजत होती आणि तिचा चेहरा उतरला होता. तिला वाटलं, आपलीच नजर चुकते. तिने पुढच्या पत्र्याला ठिपका फुलीखाली आणला, मग फुली सोडून बोटाने जरा पुढे ढकलला, अंदाजाने. वाकली. डोकं मशीनच्या जबड्याजवळ. बोटं पंचाखाली, आणि फुली आता ठिपक्यावर नव्हतीच. ती तिच्या मधल्या बोटाच्या पेरावर होती.

मी कानस टाकली आणि गेलो.

"थांब पोरी."

"मामा, आता नको. गाडी जायचीय."

"तुझा उजेड चळलाय."

"माझीच चूक होतीय," ती म्हणाली, आणि मग तिने मान वर करून दिव्यांकडे पाहिलं. "मामा, हे बघा. हार."

तिने बरोबर पकडलं होतं. ओल्या हाराच्या वजनाने ती पातळ पट्टी एका अंगाला लवली होती आणि तिच्याबरोबर एक रेघ सरकली होती. मला दिसलं नव्हतं. मी नुसता उजेडाला शिव्या देत आलो होतो.

डावा हात पत्र्यावर पंचाखाली टेकवून ती उजव्या हाताने वर पोचायला बघत होती. हार हाताला लागला, पण गाठ घट्ट.

मी म्हणालो, "तोड तो."

कटिंगवाला म्हणाला, "ताई, तोडू नका. दसऱ्याचा आहे."

"तोड म्हणतो ना मी! ओढ एका हाताने, येतो तुटून."

"नाय मामा, आजींनी बांधलाय," ती म्हणाली. तिने डावा हात पत्र्यावरून उचलला, चवड्यांवर उभी राहिली आणि दोन्ही हातांनी गाठ सोडायला लागली.

पंच उतरला.

पायडलवर कुणाचा पाय नव्हता. तिचे दोन्ही पाय जमिनीवर होते, हात वर झेंडूत, मी तिच्या बाजूला उभा. चाक फिरत होतं आणि मशीन आपोआप उठलं. धप. पंच वर गेला, थांबला. चकती खाली पेटीत पडल्याचा आवाज ऐकू आला. एवढा बारीक आवाज त्या शेडमध्ये ऐकू येत नसतो. त्या वेळी आला.

तिने पत्र्याकडे पाहिलं. हात टेकला होता तिथे तळव्याचा घामट ठसा अजून होता, आणि ठशाच्या मधे गोल भोक.

तिने गाठ सोडायचं काम पुरं केलं आणि हार हळूच काढून खुर्चीवर ठेवला. मी मोटर बंद केली. चाक फिरत फिरत किती तरी वेळाने थांबलं. नेहमी हसणारा कटिंगवाला डावा हात खिशात घालून भिंतीकडे बघत होता.

शेठ आला. त्याला सगळं सांगितलं. त्याचा रंग उडाला, हे मी पाहिलं. पण रंग परतही लवकर आला.

"स्प्रिंग तुटली असंल क्लचची. मेकॅनिकला फोन करतो." फोन केला. मेकॅनिक दुसऱ्या दिवशी दुपारी येणार. गाडीही दुसऱ्या दिवशी दुपारी.

"आज बंद ठेवू," शेठ म्हणाला. "उद्या सकाळी तेवढे राहिलेले पत्रे मारून घ्या. जपून. हात लांब ठेवून."

"जाळी लावा," मी म्हणालो.

"जाळी लावली तर उजेड दिसत नाय, बाबा. उजेड नाय तर भोक कुठं मारायचं?"

"मी स्टॉपर बांधतो."

"अर्धा दिवस जाईल तुमचा. गाडी थांबंल का?"

"मग मशीन थांबंल."

"बाबा," शेठ अगदी हळू बोलला, "शेड माझी आहे."

मी सुनेकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही म्हणेल, मी बसणार नाही. ती खुर्चीवरच्या हाराच्या लोंब्या सरळ करत होती. "मारते मी सकाळी," ती म्हणाली. "थोडेच राहिलेत."

घरी जाताना जीपमध्ये ती खिडकीशी बसली, मी शेजारी. मुलगा पुढे गाडी चालवत होता, त्याला अजून काही माहीत नव्हतं. मी खालच्या आवाजात म्हणालो, "उद्या येऊ नको."

"येणार."

"कशाला? लोकांनी ताई म्हणावं म्हणून?"

"एकदा उठले तर पुन्हा बसवतील का मला? तुम्हीच सांगा. पुरुषाच्या हातून झालं असतं तर मशीन बिघडलं म्हणाले असते. माझ्या हातून झालं तर बाईला जमत नाय म्हणतील."

मी आवाज चढवला. "तुला कळत नाय. मी जन्म घातलाय त्या मशीनपुढं. मी सांगतो ते ऐकत जा."

तिने खिडकीतून तोंड माझ्याकडे वळवलं. रागाने नाही. "मामा, तुम्ही 'तोड' म्हणालात. एका हाताने ओढ म्हणालात. मी ऐकलं असतं तर?"

मुलाने आरशातून मागे पाहिलं. "काय तोडायचं?"

"हार," ती म्हणाली. "काय नाय, हाराचं बोलतोय."

मी तिला उत्तर दिलं नाही. आजपर्यंत दिलेलं नाही. ती पुन्हा विचारतही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरात कुणी उठायच्या आत मी पहिल्या बसने एमआयडीसीत गेलो. वॉचमन ओळखीचा, त्याने दार उघडलं आणि विचारलं, "बाबा, आज लवकर?" मी म्हणालो, "काम आहे." शेडमध्ये अजून दिवे नव्हते. पाना घेतला, मोटरचे बोल्ट ढिले केले, मोटर पुढे ढकलली आणि चाकावरचे तिन्ही पट्टे एकेक करून उतरवले. पट्ट्यांशिवाय चाक फिरत नाही, आणि त्या मापाचे पट्टे नाशकाहून आणावे लागतात. ते काळे पट्टे मी खांद्यावर घातले, भिंतीची जाळी उचलली, तिच्यावरचा कुणाचा तरी रुमाल बाजूला ठेवला, आणि दोन्ही घेऊन बाहेर आलो. शेडच्या दारात मधोमध खुर्ची टाकली आणि जाळी मांडीवर घेऊन बसलो.

थोड्या वेळाने वळणावर शेठची गाडी दिसली. तिच्या मागून सून डबा घेऊन पायी येत होती. शेठने हॉर्न वाजवला. मी उठलो नाही.